टेलची माणसं

भाताची लावणी मागे सरकत करायची असते. पुढे सरकलं तर नुकतंच रोवलेलं रोप आपल्याच पायाखाली येतं. मावळात, कोकणात, चांद्याकडे वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. तंजावूर जिल्ह्यात ओरत्तनाडच्या पुढे एका बांधावर उभी राहून मी तेच पाहत होते. नऊ बायका एका ओळीत वाकलेल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वरून नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना शर्ट चढवलेला. डाव्या हातात रोपांची जुडी, आणि उजव्या हाताचा अंगठा न् दोन बोटं चिखलात जाऊन परत येत होती. बोलणं चालू होतं, हसणंही चालू होतं, पण हात थांबत नव्हते.

शेजारच्या वावरात लावणीचं यंत्र चाललं होतं. चटईसारख्या पट्ट्यांत वाढवलेली रोपं त्याच्या पाठीवर रचलेली होती, आणि ते एका फेरीत कित्येक ओळी लावून मोकळं होत होतं. या नऊ जणींना सकाळपासून जेवढं झालं होतं, तेवढं त्याने आमच्या डोळ्यांदेखत उरकलं.

माझ्याबरोबर तंजावुरातले एक निवृत्त शिक्षक होते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं कित्येक पिढ्या चालत आलेलं त्यांचं घर. मी त्यांना काका म्हणत होते. ओळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला बाकीच्या ‘अक्का’ म्हणत होत्या. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, त्यामुळे मीही तिला अक्काच म्हटलं. काकांमार्फत विचारलं, यंत्र आल्यापासून काम किती राहिलं? तिने मान वर न करता उत्तर दिलं. काका मला म्हणाले, “ती म्हणते, यंत्राला कोपऱ्यात वळता येत नाही. ते कोपरे आम्हाला देतात.”

ज्या वावरात त्या वाकल्या होत्या ते लहान आणि वेडंवाकडं होतं. तिथे यंत्र शिरलंच नसतं.

आपल्याकडे कालव्याच्या शेवटच्या शेताला ‘टेल’ म्हणतात. गोदावरीच्या कालव्यांवर काय, मुळेच्या काय, पाण्याच्या पाळीचं भांडण नेहमी हेडचे आणि टेलचे यांच्यात लागतं. हेडच्यांचा ऊस भिजतो, तोवर टेलचा गहू करपतो. कावेरीच्या खोऱ्यात टेलला ‘कडैमडै’ म्हणतात. मी तंजावुरला गेले ती पर्यावरणासाठी झालेल्या एका मोठ्या लढ्याची गोष्ट ऐकायला. परतले तेव्हा माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द होता कडैमडै. त्यातली बरीचशी कडैमडै पाण्याची नव्हती.

आधी त्या लढ्याबद्दल, कारण तो खरा आहे आणि मोठा आहे.

२०१० मध्ये मन्नारगुडीच्या परिसरातल्या जवळजवळ ७०० चौरस किलोमीटरखालचा कोळशातला मिथेन वायू काढण्यासाठी एका कंपनीला परवाना मिळाला. मिथेन सुटण्यासाठी आधी कोळशाच्या थरातलं पाणी उपसावं लागतं. ज्या मुलखात नदी आटली की भूजलावरच भिस्त असते, तिथल्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गावोगाव सभा झाल्या. सेंद्रिय शेतीसाठी आयुष्य दिलेले नम्माळवार मूळचे याच जिल्ह्यातल्या इळंगाडूचे. वय पंच्याहत्तर, पांढरी दाढी, अंगावर एक हिरवं उपरणं, अशा अवस्थेत ते मिथेनविरोधात गावं पालथी घालत होते. त्याच फेरीत, ३० डिसेंबर २०१३ ला पट्टुकोट्टैजवळ त्यांचं निधन झालं. २०१५ मध्ये राज्य सरकारने हा प्रकल्प कायमचा नाकारला. पुढे २०१७ मध्ये शेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात नेडुवासल गाव वायू प्रकल्पाविरुद्ध पेटलं. त्याच वर्षी जूनच्या शेवटच्या दिवशी कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलमला ओएनजीसीच्या पाइपलाइनमधून तेल गळून शेतात पसरलं. गावकरी रस्त्यावर बसले, लाठीमार झाला, अटका झाल्या.

या सगळ्या रेट्यातून फेब्रुवारी २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने कायदा केला आणि कावेरीचा त्रिभुज प्रदेश ‘संरक्षित विशेष कृषी क्षेत्र’ ठरवला. तिथे नव्याने तेल आणि वायू काढायचा नाही, जस्त-तांब्याच्या भट्ट्या, स्पंज आयर्नचे कारखाने, चामड्याचे कारखाने उभारायचे नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत याच मुलखातली तीन नावं आली. त्यात ओरत्तनाड तालुक्यातलं वडसेरीही होतं. पुन्हा आवाज उठला आणि चारपाच दिवसांत तिन्ही क्षेत्रं लिलावातून वगळली गेली. भारतात शेतजमिनीला असं कवच मिळाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. आपल्याकडे सुपीक जमिनीवरून महामार्ग जाताना पाहिलेल्या मला ते ऐकून हेवा वाटला, हे मी लपवणार नाही.

या कायद्याचा विषय जमीन आहे. जमिनीवर काय करता येईल आणि काय नाही, हे त्यात लिहिलं आहे. त्या जमिनीतून ज्यांचं पोट निघतं, पण ज्यांच्या नावावर ती नाही, अशी माणसं या मुलखात फार आहेत. तंजावुरातून वेगळ्या झालेल्या तिरुवारूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर तीन माणसांत एक अनुसूचित जातीचा आहे. त्यांतले बहुतेक पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबत आले. जमीन वाचली याचा त्यांना आनंद आहे. मोर्च्यात तेही होते, कारण शेत गेलं तर मजुरीही जाते. फक्त वाचलेल्या जमिनीवर आता जे बदल होत आहेत, त्यांत आपली जागा कुठे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

इथे मला थोडं मागे जावं लागेल, आणि आपल्या स्वतःच्या इतिहासाजवळ.

तंजावुरातल्या जमीनदाराला आजही जुनी माणसं ‘मिरासदार’ म्हणतात. तमिळ उच्चारात तो मिरासुदार होतो. शब्द मुळात अरबी, पण आपल्या गावगाड्यात पुरता मुरलेला. मिराशी पाटील, मिराशी कुणबी हे कागदोपत्री कोणत्याही मराठी माणसाच्या ओळखीचे. व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षं, भोसल्यांनी इथे राज्य केलं. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांचे मोडीतले कागद गठ्ठ्यांनी पडले आहेत. बृहदीश्वराच्या मंदिरावर १८०३ चा मराठी शिलालेख आहे. मराठी पर्यटक त्यासमोर उभं राहून फोटो काढतात. मीही काढला.

ओरत्तनाडला मुक्ताम्बाळ छत्रम् आहे. सरफोजी राजांच्या काळातलं, त्यांची प्रेयसी मुक्तांबा हिच्या नावाने उभारलेलं. मराठा घराण्याने रामेश्वरच्या वाटेवर अशी अन्नछत्रं बांधली. सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांचं वर्णन आहे. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत, येईल त्या वाटसरूला तिथे भात मिळत असे. आजाऱ्याला औषध, मुलांना शिक्षण. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती आणि मराठी माणसाने तिचा अभिमान बाळगावा. पण त्या ओसरीवर बसल्यावर मनात आलं, की इथे शिजणारा तांदूळ ज्या जमिनींतून यायचा, त्या जमिनी कसणाऱ्याच्या नव्हत्या. भात सगळ्यांच्या पानात पडत होता, मिरास मात्र मोजक्यांची होती.

शेतात राबणाऱ्याला ‘पण्णैयाळ’ म्हणत. पण्णै म्हणजे मोठी शेती, आळ म्हणजे माणूस. तो मालकाच्या शेताला बांधलेला असे. मजुरी धान्यात, घर मालकाच्या जागेवर, कर्ज पिढीजात. आपल्याकडचा सालगडी डोळ्यांसमोर आणा आणि त्यात अस्पृश्यता मिसळा. १९४० च्या दशकापासून कम्युनिस्टांनी या लोकांच्या संघटना बांधल्या. १९५२ मध्ये राजाजींच्या सरकारने तंजावूरपुरता पण्णैयाळांच्या संरक्षणाचा वटहुकूम काढला. पाठोपाठ अनेक मालकांनी पण्णैयाळांना काढून टाकलं आणि त्यांनाच रोजंदारीवर बोलावलं. मालकाची बांधिलकी सुटली आणि वर्षभराच्या कामाची हमीही तिच्याबरोबर गेली.

आणि मग १९६० साली शेतीतला मोठा बदल आला. सघन शेती जिल्हा कार्यक्रमासाठी देशातले पहिले जे सात जिल्हे निवडले, त्यात लुधियाना होता, पश्चिम गोदावरी होता, तंजावूर होता. नवं बियाणं, खत, कर्ज, ‘फिल्टर पॉइंट’ म्हणतात त्या उथळ नलिकाविहिरी. वर्षाला एकाऐवजी दोन पिकं. तेव्हाही भाषा देश वाचवण्याचीच होती. अन्नधान्याची टंचाई होती, आणि हा बदल करणं गरजेचंच होतं. उत्पन्न वाढलं. मजुरांनी वाढलेल्या उत्पन्नातला वाटा मागितला. मागणी केवढी? मजुरीत अर्धं माप भात जास्त.

२५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी गावात मालकांची माणसं दलित वस्तीवर चालून आली. जीव वाचवायला लोक एका झोपडीत शिरले. झोपडी बाहेरून बंद करून पेटवून दिली गेली. ४४ माणसं जळून मेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. गाव तेव्हा तंजावूर जिल्ह्यात होतं, आता नागपट्टिनममध्ये आहे. सत्र न्यायालयाने मालकांना शिक्षा दिली, ती पुढे मद्रास उच्च न्यायालयात टिकली नाही. एवढ्या जमिनीचे धनी, ज्यांच्या दारात मोटारी आहेत, असे प्रतिष्ठित लोक चालत जाऊन हे करतील यावर विश्वास ठेवणं अवघड आहे, अशा अर्थाचं निकालपत्रात लिहिलं गेलं. १९६९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने शेतीतल्या तणावांवर एक अहवाल केला. नव्या शेतीचे फायदे असमान वाटले गेले आणि त्यातून असंतोष वाढतो आहे, हा त्याचा आशय होता. त्याच वर्षी राज्यात शेतमजुरांच्या रास्त वेतनाचा कायदा झाला. ४४ जीव गेल्यावर.

हरितक्रांतीवर आज पर्यावरणाच्या अंगाने खूप लिहिलं जातं. खत, कीटकनाशक, खालावलेलं भूजल. ते बरोबरच आहे. पण कीळवेण्मणीला उभं राहिल्यावर मला वाटलं, की त्या बदलाची पहिली चूक रसायनांची नव्हती. बदल ज्यांच्या हातांनी घडणार होता, त्यांना हिशेबातच धरलं गेलं नव्हतं. आणि मला भीती वाटते ती हीच चूक आता हिरव्या अक्षरात लिहिली जाण्याची.

आताचा बदल काय आहे तो पाहा.

कावेरीचं पाणी बेभरवशाचं झालं आहे. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायची ठरलेली तारीख १२ जून. २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं ती पाळता आली नाही. २०२० पासून काही वर्षं पाळली गेली, आणि २०२४ मध्ये पुन्हा २८ जुलै उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तमिळनाडूचा वाटा १७७.२५ टीएमसी ठरवून दिला, तरी पाऊसच ओढ देतो त्या वर्षी आकडे काय करणार? त्यामुळे भाताला कमी पाणी लागावं म्हणून जे जे प्रयोग आहेत ते सगळे इथे आले. विरळ लावणीची ‘श्री’ पद्धत २०१० मध्ये बृहदीश्वराच्या सहस्राब्दीच्या वर्षी ‘राजराजन १०००’ या नावाने सरकारने गावोगाव नेली. टेलच्या गावांत चिखलणी न करता कोरड्यात पेरणी वाढली. शिवाय आलटून पालटून शेत भिजवायचं आणि सुकू द्यायचं, ही पद्धत.

या शेवटच्या पद्धतीचं साधन मी हातात घेऊन पाहिलं. हातभर लांबीचा, भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप. तो शेतात रोवायचा आणि आतली माती काढायची. पाइपमधली पाण्याची पातळी जमिनीखाली साधारण १५ सेंटिमीटर गेली की मगच पुढचं पाणी द्यायचं. सतत तुंबलेल्या पाण्याखाली मातीत हवा जात नाही, तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. मधूनमधून शेत सुकलं की मिथेन घटतो. मन्नारगुडीच्या लोकांनी जमिनीच्या पोटातला मिथेन अडवला, आणि आता त्याच जमिनीच्या पाठीवरचा मिथेन कमी करायचा आहे. दोन्ही गोष्टी योग्य आहेत. जगाच्या दृष्टीने या दुसऱ्या कामाला आता पैसाही मिळतो. भाताच्या शेतांवर कार्बन क्रेडिटचे करार देशात होऊ लागले आहेत.

पण शेत सुकलं की तण माजतं. तणाला दोन उपाय, बायकांची खुरपणी किंवा तणनाशक. मजुरी परवडत नाही म्हटल्यावर शेतकरी फवारा उचलतो. ‘श्री’ पद्धतीत कोनोवीडर हे हाताने ढकलायचं अवजार आहे, आणि ते आलं की बहुतेक ठिकाणी खुरपणी बाईच्या हातून पुरुषाच्या हातात जाते. कोरडी पेरणी आली की लावणीच संपते. कापणीला हार्वेस्टर आधीच आले. पूर्वी कापणीची मजुरी भातात मिळायची, शेतात सांडलेल्या लोंब्या वेचून म्हाताऱ्यांचंही चार दिवस भागायचं. हार्वेस्टरच्या मागे वेचायला फारसं काही राहत नाही.

पाणी वाचवण्याच्या प्रत्येक पायरीवर बाईचे कामाचे दिवस वजा होत जातात. पाणी वाचवणं थांबवा, असं मी म्हणत नाही आणि अक्काही म्हणत नव्हती. कालवा कोरडा पडला की सगळ्यात आधी तिच्याच वस्तीतला हातपंप हवा ओकतो. वाचलेल्या पाण्याचा, वाचलेल्या मिथेनचा मोबदला शेताच्या मालकाला मिळतो, आणि वाचलेल्या मजुरीचा तोटा तिच्या वाट्याला येतो. हिशेब एवढा सरळ आहे. तरी या पद्धतींच्या माहितीपत्रकांत ‘मजुरी खर्चात बचत’ हा मुद्दा फायद्यांच्या रकान्यात छापलेला असतो.

ज्या शेतकऱ्याने यंत्र लावलं होतं, त्याला खलनायक करणं अन्याय होईल. त्याची चार एकर जमीन, तीही सलग नाही. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस लागायच्या आत रोपं मूळ धरली पाहिजेत, नाहीतर बुडतात. पाणी उशिरा आलं की सगळ्या गावाची लावणी एकाच आठवड्यात येते आणि माणसं मिळत नाहीत. यंत्र एका दिवसात मोकळं करतं. त्याच्या जागी मी असते तर मीही यंत्रच बोलावलं असतं.

मालकाच्या खालोखाल कुळं आहेत. या मुलखात देवळांच्या आणि मठांच्या जमिनी अफाट आहेत. त्या कुळं कसतात, आणि कुळाकडून पोटकुळं. खंड बहुतेक तोंडी. कुळांची नोंद करण्याचा कायदा १९६९ पासून आहे, पण नोंद झाली की जमीन हातची जाईल ही मालकाची भीती आणि नोंदीचा आग्रह धरला तर पुढच्या वर्षी जमीनच मिळणार नाही ही कुळाची. आपल्या सातबाऱ्यासारखा इथे पट्टा आणि ‘अडंगल’. कुठल्या शेतात कुणाचं कुठलं पीक, याचा तो उतारा. सरकारी खरेदी केंद्रावर भात घालायचा तर अडंगल लागतो, नुकसानभरपाईला लागतो, सौर पंपाला तर जमीन आणि विहीर दोन्ही नावावर लागतात.

२०१६ चा ईशान्य मोसमी पाऊस शतकभरात झाला नव्हता इतका कमी झाला. जानेवारी २०१७ मध्ये सगळं राज्य दुष्काळी जाहीर झालं, भाताला एकरी ५,४६५ रुपये मदत ठरली. एकरी म्हणजे ज्याच्याकडे एकर आहेत त्याला. १६ नोव्हेंबर २०१८ ला पहाटे ‘गज’ चक्रीवादळाने पट्टुकोट्टै, पेरावूरणीकडच्या नारळाच्या बागा झोपवल्या. भरपाई झाडामागे मोजली गेली. नारळ सोलणारे, काथ्या काढणारे, आणि पडलेल्या झावळ्या भिजवून छपरासाठी ‘कीट्रु’ विणणाऱ्या बायका यांचं पोटही त्याच झाडावर होतं. नवं झाड फळायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं विणायला काही नव्हतं.

दुष्काळात भूमिहीनाच्या हाती थेट आलं ते ‘नूरु नाळ वेलै’, शंभर दिवसांचं काम. रोजगार हमीला तमिळ खेड्यात हेच नाव आहे. अक्काने तो शब्द उच्चारला तेव्हा मला रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आठवले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने जी कल्पना प्रत्यक्षात आणली, १९७७ मध्ये जिचा कायदा केला, आणि २००५ मध्ये जी देशाची झाली, ती कावेरीच्या टेलला या बाईपर्यंत पोचली होती. बाकी कुठल्याच योजनेने तिला तिचं नाव विचारलं नव्हतं. रोजगार हमीने विचारलं, कारण तिथला हक्क जमिनीला चिकटलेला नव्हता.

दुसरं उदाहरण याच किनाऱ्यावरचं, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. विनोबांच्या भूदानात पायी फिरलेले एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ. कृष्णम्माळ स्वतः भूमिहीन दलित घरातल्या. कीळवेण्मणीची बातमी ऐकून दोघं तंजावुरात आले ते इथलेच झाले. १९८१ मध्ये त्यांनी ‘लाफ्टी’ ही संस्था काढली. मालकांशी बोलून, बँकेचं कर्ज काढून जमीन विकत घ्यायची आणि भूमिहीन कुटुंबांतल्या बायकांच्या नावावर करायची, असं त्यांचं काम. १९९० च्या दशकात किनाऱ्यावर निर्यातीसाठी कोळंबीची तळी खोदली गेली. खारं पाणी आजूबाजूच्या शेतांत आणि विहिरींत शिरलं. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेला पाहणी करायला पाठवलं. कोळंबीच्या कमाईपेक्षा तिने केलेलं नुकसान जास्त आहे, असं नीरीने सांगितलं. ११ डिसेंबर १९९६ ला न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या पीठाने किनारपट्टी नियमन क्षेत्रातली तळी मोडायचा आदेश दिला.

एवढं पर्यावरणाच्या पुस्तकांत असतं. त्याच निकालात पुढे आणखी एक आदेश आहे. बंद होणाऱ्या कोळंबी उद्योगात वर्षभर सलग काम केलेल्या कामगारांना कायद्याप्रमाणे कपातीची भरपाई द्यायची आणि त्याशिवाय सहा वर्षांचं वेतन द्यायचं. देणार उद्योगवाले. जगात आज ‘न्याय्य संक्रमण’ या नावाखाली परिषदा भरतात, पण इथे १९९६ साली एका भारतीय न्यायालयाने ते दोन वाक्यांत लिहून ठेवलं होतं. पुढे संसदेने २००५ मध्ये वेगळा कायदा करून किनारी कोळंबीपालनाला वाट करून दिली, तो निकाल बाजूला पडला आणि ती दोन वाक्यंही. मला वाटतं, ती पुन्हा बाहेर काढायला हवीत. जो बदल सगळ्यांच्या भल्यासाठी करायचा, त्यात ज्याचं काम जाणार त्याची मजुरी त्या बदलाच्या खर्चातच धरायची. कार्बन क्रेडिटच्या करारात मजुरांचा रकाना हवा. लावणीयंत्राचं अनुदान मालकाला देण्याऐवजी लावणी करणाऱ्या बायकांच्या गटाला दिलं, तर यंत्र त्यांचं होईल आणि भाडंही त्यांच्याकडे येईल.

हे स्वप्नरंजन आहे असं कुणी म्हणेल, म्हणून पुरंदरची गोष्ट सांगते. १९७२ च्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावात गेले. त्यांनी देवस्थानची ४० एकर माळरानाची जमीन खंडाने घेतली आणि तिथे पाणी अडवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचून अंगावर रोमांच येतात. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. तो त्याने दुसऱ्याच्या शेतात वाट्याने लावावा. पाणी वाचवणं आणि वाटून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं साळुंख्यांना वाटलंच नाही. सगळ्यांना पुरवायचं तर उधळून चालणार नाही, म्हणून ऊस नको. पाणी पंचायत पुढे सगळीकडे पसरली नाही हे खरं आहे. ज्यांच्या जमिनी जास्त होत्या त्यांना ती नको होती, हेही खरं आहे.

मी काकांना नायगावची गोष्ट सांगितली. देवस्थानची जमीन म्हणताच ते थांबले. तंजावुरात देवळांची जमीन किती, हे त्यांना मोजून सांगायची गरज नव्हती.

आपल्या राज्यात या घडीला गायरानांवर सौर ऊर्जेचे प्रकल्प उभे राहत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू उत्तमच आहे. पण मराठवाड्यात गायरान म्हणजे भूमिहीन दलितांनी पिढ्या दोन पिढ्या कसलेली, दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहांत जिच्यासाठी हजारो लोक तुरुंगात गेले, ती जमीन. शेळ्या चारणाऱ्या बाईचं ते रान. सूर्याची वीज त्या जमिनीवरून कालव्यासारखी वाहून विहिरीवरच्या मोटारीच्या मालकाकडे जाईल. ज्याच्या गायरानावरून ती गेली तो तिथेही टेललाच. तंजावूर मला दूरचं वाटलं नाही ते यामुळे.

संध्याकाळी आम्ही परत त्याच बांधावरून आलो. यंत्र टेम्पोवर चढलं होतं. त्याने लावलेल्या वावरात ओळी दोरीसारख्या सरळ होत्या, आणि चारही कोपऱ्यांत, जिथे ते वळलं होतं, तिथे चिखलाचे मोकळे तुकडे राहिले होते. सकाळच्या नऊ जणींतल्या चौघी तिथे उतरल्या होत्या. अक्का पश्चिमेच्या कोपऱ्यात होती. बाजूला पाण्यात उरलेल्या रोपांच्या तीन जुड्या तरंगत होत्या. तिने काकांना काहीतरी विचारलं. काका म्हणाले, “ती विचारते आहे, तुमच्याकडे कोपरे कोण लावतं?”

मी म्हटलं, “आमच्याकडेही बायकाच.”

तिने मान हलवली, एक जुडी उचलली, झटकून पाणी काढलं आणि ती मागे सरकली.